तेवीस पौंडांचा समतोल

समतोल हा विश्वाचा पाया आहे. ग्रह, तारे, हत्ती आणि पूल त्याच्याच जोरावर उभे आहेत, आणि ज्याला समतोल कळला त्याला या जगात काहीही अवघड नाही. हे विचार डेल्बर्ट कांगासने तेरा नोव्हेंबरच्या सकाळी, उत्तर मिशिगनच्या जंगलातल्या शिकारीच्या कॅम्पवर, नाश्ता करणाऱ्या दोन माणसांपुढे मांडले. त्यांतल्या एकाने मीठ मागितलं.

मीठ मागणारा एल्वुड सारी. वय चौऱ्याऐंशी, कॅम्पचा सर्वांत जुना सभासद. दुसरा रॉय लमिउ, डेल्बर्टच्या बायकोचा, लोर्नाचा, धाकटा भाऊ. डेल्बर्टने एकतीस वर्षं हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवलं होतं आणि रॉय त्याच्या वर्गात बसला होता. पुढे नातं जुळलं, केस पांढरे झाले, तरी रॉयच्या तोंडातलं 'सर' काही गेलं नाही. त्यातला आदर तेवढा गेला.

विषय होता टबाचा. जमिनीवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी ही सहा चाकांची गाडी दिसायची थेट न्हाणीघरातल्या टबासारखी, म्हणून तिचं नाव टब. परवा हंगाम सुरू होणार होता आणि तळ्यापलीकडे पडलेलं हरीण टबाशिवाय आणायचं म्हणजे खांद्यावरून. पण या वर्षी पाण्यात शिरली की गाडीचं बूड खाली बसायचं आणि नाक आभाळाकडे व्हायचं.

"बॅटरी मागे आहे," डेल्बर्ट म्हणाला. "ती पुढे न्यायची. संपला विषय."

"बॅटरीचं वजन किती, सर?"

"तेवीस पौंड."

"आणि तुमचं?"

"मी मध्ये बसतो."

रॉयने कॉफीचा घोट घेतला. "मागच्या सीटखाली काही राहिलं नाही ना, ते एकदा बघितलंत का?"

"त्या सीटला हात लावायचा नाही. 'उघडू नये' अशी चिठ्ठी आहे तिथे. मीच लावलीय."

"का लावलीत?"

"कारण असल्याशिवाय मी चिठ्ठी लावत नाही."

हे मात्र खरं. दारावर, किटलीवर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर, सगळीकडे डेल्बर्टच्या चिठ्ठ्या होत्या आणि प्रत्येकीखाली 'डी. के.' अशी सही. संडासातली चिठ्ठी तर चांगली तीन परिच्छेदांची होती.

भिंतीवर मात्र त्याचं काही नव्हतं. चुलीमागच्या त्या भिंतीवर शर्टांची एक्केचाळीस शेपटं खिळ्यांनी ठोकलेली होती. कॅम्पचा कायदा जुना होता. ज्याचा नेम चुकेल, जो वाट चुकेल किंवा ज्याला पाण्यातून ओढून काढावं लागेल, त्याच्या शर्टाचा मागचा घोळ एल्वुडने कात्रीने कापायचा आणि नाव-साल लिहून भिंतीवर ठोकायचा. रॉयची सहा शेपटं लागली होती. खुद्द एल्वुडची चार. डेल्बर्टचं एकोणतीस वर्षांत एकही नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामाला लोर्नाने दिलेला लाल-काळ्या चौकटींचा लोकरी शर्ट अजून अखंड होता, आणि सगळ्यांना दिसावा म्हणून डेल्बर्ट तो पँटमध्ये खोचतही नसे. आता, एकोणतीस वर्षांत त्याने गोळी तीनदाच झाडली होती, ही गोष्ट वेगळी. वारा, अंतर आणि कोन यांचं गणित जुळेपर्यंत हरणं थांबत नसत.

दहा वाजता काम सुरू झालं. बॅटरी पुढे गेली, म्हणजे तिच्या तारा लांब हव्यात. जाड तार मिळायची चाळीस मैलांवरच्या गावात. डेल्बर्टने एक्स्टेन्शनची नारिंगी वायर कापली.

"सर, ही बारीक नाही का?"

"वीज पाण्यासारखी वाहते, रॉय."

"बारीक नळीतून पाणी कमी येतं."

"तुला यातलं काय कळतं?"

"काही नाही. याच धड्यात तुम्ही मला नापास केलं होतंत."

"तुझं अक्षर वाईट होतं."

मग बॅटरी बसवायची कशी, हा प्रश्न आला. बोल्ट मारायचे तर तळाला भोकं पाडावी लागणार, आणि तरंगणाऱ्या वस्तूला भोक पाडू नये एवढं डेल्बर्टलाही कळत होतं. म्हणजे बांधायची. इंजिनाशेजारी खुंटीला एक उत्तम दोरी लटकत होती. बॅटरी दगा देईल तेव्हा ती इंजिनाच्या चाकीला गुंडाळून हिसका मारायचा, की इंजिन सुरू.

"ती राहू द्या, सर."

"ज्या यंत्राला बॅटरी आहे त्याला दोरी ठेवणं म्हणजे विज्ञानावर अविश्वास दाखवणं," असं म्हणून डेल्बर्टने त्या दोरीचे अकरा वेढे बॅटरीला घातले आणि स्वतः शोधलेली गाठ मारली.

दुपारी दोन वाजता चाचणी झाली. एल्वुड सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवत होता, तो बादली पालथी घालून काठावर बसला. इंजिन दोनदा कण्हलं आणि सुरू झालं. काठाचा पापुद्र्याएवढा बर्फ मोडत टब तळ्याच्या मध्यावर गेला. डेल्बर्टने गवंड्याची पाणसळ काढून समोर ठेवली. बुडबुडा मध्याच्या जवळपास होता. डेल्बर्ट जरा पुढे वाकला, तेव्हा बुडबुडा बरोबर मध्ये आला. इंजिनाच्या थरथरीने तो हलत होता, म्हणून डेल्बर्टने इंजिन बंद केलं.

"बघा," तो काठाकडे बघून ओरडला. "केसभरही फरक नाही."

मग त्याने किल्ली फिरवली. टक्, असा आवाज आला. दुसऱ्यांदा तोही आला नाही. नारिंगी वायर हाताला गरम लागली.

"काय झालं, सर?"

"निरीक्षण चालू आहे."

दहा मिनिटं निरीक्षण चाललं.

"गळ टाकू का?" रॉयने विचारलं. "परवा याच गळाने मोठा पाइक मासा काढला. तोही आधी येत नव्हता."

एल्वुडने खिशातून कात्री काढली आणि पँटवर पुसली. एवढ्या लांबूनही डेल्बर्टला ती चमकलेली दिसली.

"कोणीही काहीही ओढायचं नाही," तो म्हणाला.

आता दोरी हवी होती. दोरी बॅटरीला होती आणि गाठ पाण्याने फुगली होती. ती सोडवायला शोधकर्त्यालाच जमेना. त्याने चाकू काढून अकराही वेढे एकदम कापले. हाती फूट-फूटभराचे अकरा तुकडे आले. मग त्याने पँटचे खांद्यावरचे रबरी पट्टे, गॅलिस, काढून चाकीला गुंडाळले. ओढल्यावर ते भरपूर लांबले आणि परत येऊन हनुवटीवर बसले. बूट रबराचे, त्यांना नाड्या नाहीत. डेल्बर्टने एका हाताने पँट धरली, आजूबाजूला पाहिलं, वर पाहिलं, आणि शेवटी मागे पाहिलं.

लोकर चांगली होती. लोर्नाने दुकानातला सर्वांत भारी शर्ट घेतला होता. त्याने घोळ कापला, दोन बोटं रुंदीची लांबच लांब पट्टी काढली आणि चाकीला गुंडाळली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन लागलं.

टब आपल्या पायांनी काठावर आला. "कुणी ओढलं नाही," डेल्बर्ट उतरत म्हणाला. "नोंद घ्या."

"घेतली," एल्वुड म्हणाला. "तू खेकड्यासारखा का चालतोयस?"

"पाय आखडलाय."

"वळ."

डेल्बर्ट वळला. शर्टाला मागे घोळच नव्हता.

"हे कायद्यात बसत नाही," तो म्हणाला. "शेपूट कॅम्पने कापायचं असतं. हे मी स्वतः, तांत्रिक कारणासाठी कापलंय."

एल्वुडने यावर नीट विचार केला. "एकसष्ट साली माझ्या शेपटावरून मी तीन तास वाद घातला होता," तो म्हणाला. "खिळे डब्यात आहेत."

बेचाळिसावं शेपूट लागलं. इंजिनाच्या तेलाने ते मधोमध काळं झालं होतं. नाव आणि साल डेल्बर्टने स्वतः लिहिलं. अक्षर सुंदर होतं.

बॅटरी जुन्या जागी बसवायचं काम रॉयकडे आलं. जुने बोल्ट कुठे सापडेनात, म्हणून त्याने 'उघडू नये'ची चिठ्ठी बाजूला करून मागची सीट उचलली. बोल्ट तिथे नव्हते. तिथे वाळूचं पोतं होतं, बर्फात चाकांना पकड यावी म्हणून लोक गाडीत मागे टाकतात तसलं. त्यावर चिठ्ठी होती: 'मार्चमध्ये न विसरता काढणे. डी. के.'

रॉयने कुणाला हाक मारली नाही. त्याने ते पोतं हरणं तोलायच्या काट्याला लटकावलं.

वाळू भिजलेली होती. एकाहत्तर पौंड भरली.