ठेच खाणारं इंजान

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हणजे लोणावळ्यात गफूर मिस्त्रीच्या अंगणात एक इंजान बघितलं. बघितलं मी. पारूच्या आईने त्याची परीक्षा घेतली. घरून निघतानाच तिने डोक्यावर चुंबळ ठेवली होती आणि चुंबळीवर फडक्यात गुंडाळलेला जांभळाचा ओंडका. धरणाच्या पाण्यात मुरून मुरून काळा पडलेला, लोखंडासारखा जड. इंजान बघायला जायचं म्हटलं की तो ओंडका तिच्याबरोबर यायचाच. बाजारातून जाताना एका बाईने हटकलं, "मावशी, सरपन कसं दिलं?"

"सरपन न्हाई बाई," ती चालता चालता म्हणाली, "ह्यो परीक्षेला निगालाय."

पारूची आई म्हणजे माझी बायको. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तिने माझं नाव जन्मात तोंडातून काढलं नाही, आणि मीही तिला 'अगं' म्हणूनच हाक मारली. पारू आमची एकुलती एक लेक, मळवलीला दिलेली. मी धरणावरचा होडीवाला. शाळा चार बुकांची. लिहून पारूची आई परत येणार नाही हे मला कळतं. न लिहूनही येत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या वाडीहून लोणावळ्याला जायचं तर धरण ओलांडावं लागतं, नाहीतर डोंगराला वळसा, त्यात अर्धा दिवस मोडतो. त्या पाण्याखाली तिचं माहेर आहे. पाणी यायच्या आधी तिथलं रान तोडलं, पण तोडणारे कशाला वाकतायत, उभ्या उभ्या कमरेच्या उंचीवर कुऱ्हाड चालवली आणि गेले. खुंट तसेच राहिले. पाणी चढलं की ते बुडतात, उतरलं की डोकी काढतात, आणि मधल्या दिवसांत वीतभर पाण्याखाली दबा धरून बसतात. होडी फोडायला तेवढं पुरतं. वल्हं त्यांच्यात अडकून बसतं, म्हणून मी बांबूने रेटत होडी न्यायचो आणि ती पुढच्या टोकाला बसून खुंट सांगायची. तिला तिथलं झाडन् झाड ठाऊक. परकर नेसायची तेव्हा त्यांच्यावर चढलेली.

नुसतं 'उजवीकडं खुंट हाय' असं ती कधी सांगायची नाही. प्रत्येकाला तिने नाव ठेवलं होतं. वरून रुंद आणि आतून पोकळ, तो पाटील. दोन खुंट जवळजवळ, त्यांच्या मध्ये होडी शिरली की ना पुढे ना मागे, त्या दोघी नणंदा. एक सुटा ओंडका होता, आज इथे तर उद्या तिथे, गरज असली की सापडायचा नाही आणि नको तेव्हा नेमका समोर यायचा. तो तलाठी. आणि सगळ्यात वाईट तो पाण्याखाली दडलेला सागाचा खुंट, वरून काही दिसायचं नाही आणि खालून तडाखा बसायचा. त्या सासूबाई.

माझी आई एकदा होडीत बसली होती. मधोमध आल्यावर पुढून हाक आली, "आवं, डावीकडं घ्या, सासूबाई हायेत. खालनं मारत्यात."

आई म्हणाली, "मी तर हितं बसलेय."

होडीतली सगळी माणसं पाण्यात बघायला लागली. पुढे कितीतरी दिवस आई सुनेशी बोलली नाही. पारूची आई मला होडीत म्हणाली, "लय बरं गेलं दिस."

हे ती होडीतच म्हणू शकायची. घरात आई, वडील, भाऊ, भावजया. आमचं बोलणं म्हणजे 'वाढू का' आणि 'पुरे'. लोणावळ्याच्या काठाला माणसं उतरली की परतीची होडी रिकामी. मग तिचं तोंड सुटायचं. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या सुनेने डोळे कसे फिरवले, रात्री तिला काय स्वप्न पडलं. मी बांबू रेटायचो आणि हूं हूं करायचो. पुढे आईवडील गेले, भाऊ वेगळे झाले, घर मोकळं झालं. तरी घरात आम्ही मुकेच. सवय लागली होती. बोलायचं ते पाण्यावर.

धरणाच्या मधोमध एका जांभळाचा मोठा खुंट आहे. पाणी कितीही चढो, त्याचं डोकं वरच. त्याला होडी बांधून आम्ही भाकरी खायचो. इतक्या खुंटांत त्यालाच तिने नाव दिलं नव्हतं. मी विचारायचो, "ह्याला काय म्हनायचं गं?" ती पदर पुढे ओढायची आणि म्हणायची, "खावा गप." मला वाटायचं नावं संपली हिची. पारू चालायला लागली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की बाईमाणूस कुणाचं नाव घेत नाही ते. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. परीक्षेचा ओंडका त्याच जांभळाचा.

तिचं एक पालुपद होतं. काहीही पारखायचं झालं की विचारायची, "ठेच लागल्यावर काय करतंय?" बैल घ्यायला गेलो तर हेच. बैलाचे दात बघायचे सोडून ती त्याला दगडधोंड्यांतून चालवून बघायची. पारूला स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या बापाला तिने पदराआडून विचारलं, "ठेच लागल्यावर काय करतोय तुमचा ल्योक?"

तो बिचारा बुचकळ्यात पडला. म्हणाला, "काय करनार? आई गं म्हनतोय."

"दगडाला शिव्या देत न्हाई न्हवं?"

"न्हाई बा."

"मग द्या पोरगी," ती मला म्हणाली. जावई चांगला निघाला, हे कबूल करायला हवं.

चार-पाच वर्षांमागे माझा उजवा खांदा धरला. हात वर जाईना. बांबू रेटताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. होडी बंद पडली तर पलीकडच्या ठाकरवाडीची माणसं पावसाळ्यात अडकून पडणार, आणि मी घरात बसून भिंतीकडे बघणार. मला दुसरं काही येत नाही. म्हणून इंजान बसवायचं ठरलं. ठरवलं मी, पसंत तिला पडायचं होतं. खुंट तिचे होते.

पहिलं इंजान एका बंगल्यावरचं. मालक विलायतेला निघाले होते, माळ्याने दाखवलं. काय ते रूप. हिरवा रंग, पितळेची पट्टी, होडीच्या मागे अडकवलं की काम झालं. माझा जीव जडला. माळी आला, होडीला लावून बघितलं. भुर्रकन निघालं ते थेट सासूबाईंवर. खाड् आवाज झाला, पंख्याचा खिळा तुटला आणि आम्ही मधोमध गरगरत राहिलो. पारूच्या आईला तर आनंदच झाला.

"मान ताट ठिवतंय," ती म्हणाली. "ठेच लागली तर पाय उचलत न्हाई. आन आवाज लय."

दुसरं कामशेतच्या भातगिरणीतलं. ते उचलायला चार माणसं लागली. होडीच्या मागच्या टोकाला ठेवलं तर मागचं टोक पाण्यात आणि पुढचं आभाळात. पुढच्या टोकाला ही बसलेली, दोन्ही हातांनी काठ धरून.

"आवं, मी काय गुढी हाये का?" ती वरून म्हणाली. "उतरवा मला. ह्याला तर ठेच लागायच्या आदीच बुडायची घाई. आन आवाज लय."

आवाजाचं ती दर वेळी शेवटी, जाता जाता म्हणायची. मी तिकडे लक्ष दिलं नाही. इंजान म्हटलं की आवाज आलाच.

त्यानंतर दोन वर्षं तिने काही ना काही खोट काढून सगळी इंजानं परत धाडली. लोणावळ्यात तिचा दबदबा झाला. ओंडका डोक्यावर घेऊन म्हातारी दिसली की इंजान विकणारे दार लावून घ्यायचे. माझा खांदा दिवसेंदिवस दगड होत चालला होता. मी चिडायचो. "तुला इंजानच नको असंल तर तसं सांग."

"पायजे की," ती म्हणायची. "चांगलं पायजे."

मग गफूर मिस्त्रीचा निरोप आला. हा रेल्वेत फिटर होता, आणि त्याच्याइतका हुशार माणूस पुण्यापासून मुंबईपर्यंत नाही असं तो स्वतःच सांगायचा. त्याने पाणी उपसायच्या लहान इंजानाला पुरुषभर लांब नळी लावली होती, टोकाला पंखा, आणि सगळं एका खुंटीवर मधोमध तोललेलं. हातातली मूठ खाली दाबली की मागची शेपूट वर. इतकं कुरूप यंत्र मी बघितलं नव्हतं.

"मावशी, ये देखो," मिस्त्री म्हणाला, "सगळं आपल्या डोक्यातनं काढलंय."

"दिसतंयच की," ती म्हणाली. तिने फडकं सोडलं, ओंडका अंगणातल्या पाण्याच्या हौदात आडवा घातला आणि वर दगड ठेवला. "हां, करा चालू."

मिस्त्रीने दोरी ओढली. आवाज असा, की कोंबड्या छपरावर गेल्या आणि शेजारची शेळी दावं तोडून पळाली. शेपूट हौदात गेली, ओंडक्याला लागली, टुणकन उडी मारून पलीकडे पडली आणि फिरतच राहिली. मूठ उसळून मिस्त्रीच्या हनुवटीवर बसली. इंजान बंद झालं तरी माझे कान वाजत होते. मी मनात म्हटलं, हेही गेलं परत.

तिने हौदात हात घालून ओंडका काढला. पदराने पुसला. त्याच्यावर कुठे ओरखडा आहे का ते बोट फिरवून बघितलं.

"हेच घ्या," ती म्हणाली.

"अगं, आवाज बघितलास का? तू पुढनं काय बोललीस तर मला ऐकाया यायचं न्हाई."

"लय बोलून झालं की," ती म्हणाली आणि चुंबळ डोक्यावर ठेवली.

मिस्त्री पुढच्या आठवड्यात इंजान घेऊन येतो म्हणाला. आम्ही परत निघालो. होडीत ती नेहमीच्या जागी बसली, पण खुंट सांगेना. मी वाट बघतोय हाकेची, आणि होडी जाऊन नणंदांच्या मध्ये अडकली.

"अगं, आवाज दे की. झोपलीस का?"

"जागीच हाये," ती म्हणाली. "तुमाला एकट्याला येतंय का बगत व्हते."

"येत न्हाई, दिसतंय न्हवं?"

"व्हय," ती म्हणाली. "दिसतंय."

घरी आल्यावर तिने भात चुलीवर ठेवला. म्हणाली, जरा टेकते, आणि खांबाला पाठ लावून बसली. मी बाहेर बांबूचं टोक तासत होतो. भात करपल्याचा वास आला म्हणून आत गेलो. तिने आयुष्यात कधी भात करपू दिला नव्हता. वासावरूनच मला कळलं. उन्हं कलायच्या आत सगळं संपलं होतं.

इंजान आता होडीला आहे. तिने पारखलेलं, खोटं कसं निघेल? खुंट आला की उडी मारतं, आजवर कुठे मोडलं नाही. खांद्याला आराम आहे. माणसं म्हणतात, आबा, झ्याक काम झालं. रिकामी होडी परत आणताना मी काय काय बोलतो ते त्या आवाजात मला स्वतःलाही ऐकू येत नाही, एवढाच त्याचा गुण. बाकी कशात काही राहिलेलं नाही. पुढचं टोक रिकामं असलं की होडी पाण्यावर नीट बसत नाही, म्हणून तिथे मी तो ओंडका ठेवतो.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पारू चुलीपाशी बसली होती. चूल थंड. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा, आईला ठावं व्हतं. दिवाळीपासनं तिच्या छातीत कळ येत व्हती. तुमाला सांगू नको म्हनली."

मी चुलीतली राख उकरत बसलो.

"मागल्या खेपंला म्हनली, आता पुढं मी बसायची न्हाई, मग त्यास्नी खुंट कोन सांगनार? आता उडी मारनारं इंजान बघते. आवाजाचं असू दे, म्हनली. आता होडीत बोलनार कोन हाय?"

मी उठलो आणि बांबू घेतला.

"आबा, कुटं निगालात?"

"सांगावा द्यायला."

"समद्या गावांस्नी मानसं कालच गेल्यात की."

"हिकडं कोन गेलं न्हाई," मी म्हटलं.

पाणी उतरलं होतं, बरेच खुंट वर आले होते. पाटलापाशी होडी थांबवली आणि सांगितलं. दोघी नणंदांना म्हटलं, तुमची वैनी गेली. तलाठी नेहमीसारखा जागेवर नव्हता. सासूबाई वीतभर पाण्याखाली होत्या. बांबूने चाचपून त्यांना गाठलं आणि म्हटलं, तुमची सून गेली. एकही खुंट होडीला लागला नाही त्या दिवशी.

शेवटी जांभळापाशी गेलो. त्याला काही सांगावं लागलं नाही. होडी त्याला बांधली आणि बसून राहिलो.