झालंच समजा

आपल्या गावात एकही काम अडलेलं नाही, असं सरपंच छातीवर हात ठेवून सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अडायला आधी काम सुरू व्हावं लागतं.

माणूस तसा वाईट नव्हता. निवडून आल्यापासून त्यांनी कुणाच्या तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं. त्यांच्याकडे त्याहून गुणकारी औषध होतं. कोपऱ्यावर दिवा हवा? झालंच समजा. शाळेची भिंत कलली? झालंच समजा, मास्तर. मागणारा खूश, देणारा मोकळा. गावालाही या औषधाचा गुण माहीत झाला होता. सरपंच 'बघू' म्हणाले तर थोडी आशा धरायची, 'करू' म्हणाले तर जरा जास्त धरायची, आणि 'झालंच समजा' म्हणाले की गपचूप घरी जाऊन आपली सोय आपणच बघायची. मास्तरांनी भिंतीला दोन वासे टेकवले होते ते याच हिशेबानं.

हे कोष्टक ज्याला ठाऊक नव्हतं असा गावात एकच इसम होता. नुकतीच बदली होऊन आलेले ग्रामसेवक. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं, हातात मोबाइल. समोरचा बोलतो तेच त्याच्या मनात असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. अशी समजूत घेऊन हा माणूस सरकारी नोकरीत इतकी वर्षं टिकला कसा, देव जाणे.

त्यातच वरून हुकूम आला. प्रत्येक गावानं विकासकामांची खबर दर आठवड्याला मोबाइलवर भरायची. प्रत्येक कामापुढे तीन बटणं: सुरू नाही, चालू, पूर्ण. आधीचे ग्रामसेवक जाणते होते. त्यांनी सगळी कामं 'चालू'वर ठेवली असती. सरकारी काम तिथं सुखानं म्हातारं होतं, कुणाला त्रास देत नाही. भाऊसाहेब मात्र माहिती गोळा करायला निघाले, आणि त्यांना सरपंच सापडले ते न्हाव्याच्या खुर्चीत. मान मागे, गालभर फेस, गळ्यावर वस्तरा.

"सरपंच, वरच्या आळीच्या नळाचं काम कुठवर आलं?"

वरची आळी टेकाडावर. टाकीचं पाणी तिथवर चढत नव्हतं, सगळं टँकरवर भागायचं. सरपंचांचं स्वतःचं घर तिथंच होतं, त्यामुळे हा प्रश्न ते रोज घरी ऐकत आणि रोज एकच उत्तर देत.

"झालंच समजा," सरपंच ओठ न हलवता म्हणाले.

"वा. आणि शाळेची भिंत?"

"झालंच समजा."

"आणि बाजाराकडचा रस्ता?"

न्हाव्यानं गाल ओढून धरला होता. "ते पण," सरपंच म्हणाले.

न्हाव्याचा हात मध्येच थांबला. त्यानं आरशातून भाऊसाहेबांकडे पाहिलं, काहीतरी सांगावंसं त्याला वाटलं, पण पंचायतीच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं म्हणून त्यानं सरपंचांच्या नाकाखालचंच काम पुढे चालू ठेवलं. भाऊसाहेबांनी तिथंच उभ्या उभ्या तीनदा 'पूर्ण' दाबलं.

दुसऱ्याच आठवड्यात वरच्या कार्यालयातून शाबासकी आली. आसपासच्या सगळ्या गावांत आपलं गाव पहिलं. सरपंचांनी शाबासकी घेतली, कशाबद्दल ते विचारलं नाही. शिवी दिली तर माणूस कारण विचारतो. कौतुकाची चौकशी कोण करतो?

आणि मग टँकर यायचा बंद झाला.

वरच्या आळीतल्या बाया पिंपं रांगेत लावून सकाळपासून बसल्या. ऊन डोक्यावर आलं तरी टँकरचा पत्ता नाही. शेवटी सरपंचांच्या बायकोनं, सगळं गाव जिला सरपंचीणबाई म्हणतं तिनं, ड्रायव्हरला फोन लावला. त्याचं ऐकून तिनं फोन खाली ठेवला आणि ती थेट पंचायतीच्या कचेरीत येऊन थडकली.

"अहो, आपल्याकडे नळ आलाय म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"टँकरवाल्यानं. वहिनी, आता तुमच्या आळीत नळ झाला, माझी फेरी वरनंच बंद केली, म्हणाला. मी आख्खं घर शोधलं. माळ्यावर पण बघितलं. कुठं ठेवलाय तेवढं सांगा, म्हणजे पाणी भरते."

सरपंचांच्या तोंडचं पाणी पळालं. गावातलं त्या दिवशीचं पळण्याजोगं पाणी तेवढंच शिल्लक होतं.

त्यांनी भाऊसाहेबांना आतल्या खोलीत घेतलं. "अहो, मी झालंच *समजा* म्हणालो होतो."

"हो. मी समजलो."

"तसं समजायचं नसतं हो! बरं, ते पुन्हा 'चालू' करा."

"होत नाही," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "झालेलं काम न झालेलं कसं होईल? बटण मागं जातच नाही. फार तर दुरुस्ती टाकता येते."

"टाका मग दुरुस्ती."

चार दिवसांनी पाना खांद्यावर टाकून वरच्या कार्यालयाचा मिस्त्री आला. आळीत एक चक्कर मारली, दुसरी मारली, आणि सरपंचांच्या ओट्यावर बसला.

"नळ दाखवा."

"नळ नाहीये," सरपंच हळूच म्हणाले.

मिस्त्रीला आनंद झाला. "मग आधी सांगायचं ना. मी उगाच पाना वाहून आणला." चहा पिऊन तो गेला आणि संध्याकाळी खबर आली: दुरुस्ती पूर्ण, पाण्याचा दाब उत्तम.

इकडे आळीचे हाल कुत्रं खात नव्हतं. पाणी आणायचं तर टेकाड उतरून विहिरीवर जायचं आणि भरल्या कळशीनिशी पुन्हा तोच चढ चढायचा. सरपंचांची म्हातारी काकू शेजारीच एकटी राहायची. तिचे गुडघे कधीच राजीनामा देऊन बसले होते. म्हणजे सरपंचीणबाईच्या वाट्याला दोन घरांचं पाणी. पुरुषमाणसांना चढ लागत नाही असं नाही, पण विहिरीवर जायची वेळ झाली की सगळ्या पुरुषांना नेमकी कचेरीत कामं निघायची. सरपंचांना तर फारच.

घरात बोलणं बंद झालं. ताटात भाजी पडायची ती जरा लांबूनच पडायची. एकदा सरपंचांनी आंघोळीचं पाणी मागितलं तर बायकोनं एक तांब्या समोर ठेवला.

"एवढंच?"

"दाब उत्तम आहे ना? पुरवा."

अशातच फोन आला. वरच्या कार्यालयातले साहेब स्वतः येणार होते. वरच्या आळीचा नळ बघणार, आदर्श गाव म्हणून चषक देणार, फोटो काढणार. सरपंचांनी फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं.

"आता सांगून टाका खरं," बायको म्हणाली. "नळ नाही, टँकर सुरू करा. दोन वाक्यं आहेत. पाठ होत नसतील तर मी सांगते."

"अगं, खोटी माहिती भरली म्हणून खुर्ची जाईल माझी."

"मग खुर्चीच न्या विहिरीवर. तिच्यात बसून पाणी ओढा."

सरपंचांनी खरं सांगितलं नाही. त्यांनी गवंड्याला बोलावलं. बाजारातून चकचकीत तोटी आणवली आणि काकूच्या बाहेरच्या भिंतीला भोक पाडून सिमेंटनं चिकटवून टाकली. काकू दारात बसून बघत होती.

"यातनं काय येणार रे?"

"साहेब येणार," सरपंच म्हणाले.

साहेब आले. पुढे गाडी, मागे गाडी, मध्ये फोटोवाला. चढ चढून दमले, आधी पाणी मागितलं. ते काकूच्या घरातून आलं, कालचं विहिरीचं. साहेब पेला संपवून म्हणाले, "गोड आहे. योजनेचंच का?" सरपंच हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मान अशी फिरवली की दोन्ही अर्थ निघावेत. ही कला ग्रामपंचायतीत शिकता येते, शाळेत नाही.

मग साहेबांनी तोटी धरली आणि फिरवली.

काही आलं नाही. साधी फुसकी हवासुद्धा आली नाही. सरपंचांनी डोळे मिटून घेतले.

"दिवसाआड येतं का?" साहेबांनी विचारलं.

सरपंचांनी एक डोळा उघडला. "हो साहेब. दिवसाआड."

"आणि आज आडचा दिवस."

"बरोबर ओळखलंत."

"आमच्याकडे पण असंच आहे," साहेब समाधानानं म्हणाले. पाणी आलं असतं तर त्यांना कदाचित संशय आला असता. कोरडा नळ बघून योजना खरी असल्याची त्यांची खात्रीच पटली. ते काकूकडे वळले. "काय आजी, नळ आल्यापासून कसं वाटतंय?"

"नळ आला तसं पाणी गेलं," काकू म्हणाली.

"म्हणजे... वाहून जातं व्यवस्थित," सरपंच घाईनं म्हणाले. "तुंबत नाही कुठं."

तेवढ्यात चढावरून सरपंचीणबाई आली. कमरेवर कळशी, हातात बादली, पदर खोचलेला, घामानं डबडबलेली. गर्दी बघून तिनं वाट वाकडी केली नाही. सरळ साहेबांपुढे आली, कळशी खाली ठेवली, बादली खाली ठेवली. कुणाला वाटलं स्वागताचं काही आहे. फोटोवाला पुढे सरकला.

तिनं तोटी दोन्ही हातांनी धरली आणि एक हिसका दिला. सरपंचांनी गवंड्याला सिमेंट बेतानं वापर म्हणून बजावलं होतं, आणि गावात सरपंचांचं ऐकणारा तेवढा एकच माणूस होता. तोटी ढेकळासकट हातात आली. तिनं ती साहेबांच्या हातात ठेवली.

"घ्या साहेब. न्या तुमची योजना."

फोटो निघाला. पुढे तोच छापून आला: साहेबांना नळ देताना गावकरी महिला.

साहेब भोकाशी वाकले. भोकातून काकूचं स्वयंपाकघर दिसलं, ओट्यावरची किटली दिसली, फळीवरचे डबे दिसले. पाईप तेवढा दिसला नाही. भाऊसाहेबही शेजारी वाकले.

"साहेब, पाईपच नाहीये," ते मनापासून चकित होऊन म्हणाले.

सरपंच मनातल्या मनात खुर्चीचा निरोप घेत होते. पण साहेबांनी मोबाइल काढून पाहिला. त्यांच्या कपाळावर वेगळाच घाम होता. चढ चढायच्या आधीच त्यांनी खाली, गाडीत बसल्या बसल्या, 'पाहणी पूर्ण, काम समाधानकारक' असं वर पाठवून दिलं होतं, आणि तेही बटण मागं जाणारं नव्हतं.

त्यांनी घसा साफ केला. "नळ मोडलेला आहे."

"मोडला नाही साहेब, नव्हताच—" भाऊसाहेब सुरू झाले.

"मोडलेला आहे," साहेब तोटी सगळ्यांना दाखवत म्हणाले. "ही काय माझ्या हातात. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. या बाईंना नोटीस काढा. आणि चालू नळ मोडला तर लोकांनी पाणी कुठनं प्यायचं? नियम काय आहे?"

भाऊसाहेबांनी मोबाइलवर बोट फिरवलं. "मोडतोड झाली तर आजच्या आज टँकर."

"मग पाठवा ना. बघताय काय?"

नळ नुसता मोबाइलवर लागला तेव्हा पाणी मिळेना, खोटा नळ लावला तेव्हाही मिळेना. खोटा नळ मोडला तेव्हा मिळालं. अशा रीतीनं विकास होतो, आणि तो झाला की त्याला चषक मिळतो. चषक साहेबांनी गाडीतून परत नेला नाही. नेला असता तर का नेला ते लिहावं लागलं असतं.

संध्याकाळी टँकर चढ चढून आला. आळी नुसती पिंपांनी वाजत होती. सरपंच हातात नोटीस घेऊन घरी आले आणि बायकोच्या मागे उभे राहिले. ती काकूच्या पिंपात नळी सोडून उभी होती.

"काय ते?"

"नोटीस. तू सार्वजनिक नळ मोडलास अशी."

"सही कुणाची?"

सरपंचांनी नोटिशीची घडी घातली.

"विचारतेय, सही कुणाची?"

"माझी," सरपंच म्हणाले. "सरपंचाचीच लागते."

तिनं नोटिशीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "बरं. ती ओली होईल, आत ठेवा आणि येऊन ही नळी धरा. माझे हात भरून आलेत."

सरपंचांनी नळी धरली. पहिल्याच पिंपाला अर्धा शर्ट भिजला, पण जेवताना भाजी जवळून वाढली गेली.

सकाळी ते ओट्यावर चहा घेत होते तर माजी सरपंच चढ चढत येताना दिसले. दोघांचं वर्षानुवर्षं वाकडं. एकमेकांच्या दारी जाणं तर सोडाच, गावात कुणी वारलं तरी दोघं वेगवेगळ्या वेळी भेटायला जायचे. आज माजी आले आणि कुणी 'बसा' म्हणायच्या आधीच बसले. बराच वेळ धापा टाकल्या.

"तुमच्या बायकोचा पराक्रम ऐकून खालच्या आळीतल्या बायांनी आज नळ उपटायला घेतलेत," ते म्हणाले. "टँकर पाहिजे म्हणे."

खालच्या आळीचे नळ माजी सरपंचांच्या काळातले. त्यांना कधीच पाणी आलं नव्हतं. दाब कमी आहे, एवढ्या एका कारणावर माजींनी दोन निवडणुका काढल्या होत्या.

"मग?" सरपंचांनी विचारलं. "मागे पाईप निघाला का?"

माजींनी चहाच्या कपाकडे पाहिलं. सरपंचांनी कप त्यांच्यापुढे सरकवला.

"पाण्याच्या टाकीकडचे चार अजून भिंतीत आहेत," माजी हळूच म्हणाले. "बाया तिकडं पोचायच्या आत तेवढे पक्के करून घ्यावेत म्हणतो. तुमचा गवंडी मोकळा आहे का?"

"नाही हो," सरपंच म्हणाले. "तो खालच्या आळीतच राहतो. पहिला नळ त्यानंच उपटला."