हंड्याचे पाणी समुद्रात पडले त्याची हकीकत

श्री वरुणदेवता रक्षण करो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, तिसऱ्या मजल्यावरील राज्याचे वर्तमान ऐसे जे: या राज्याच्या सूनबाई केतकीबाई यांनी आम्हां मातुश्रींचा गुन्हा आमच्या देखत उचलोन आपल्या पदरात घातला, आणि वर चहा पिऊन मोकळ्या जाहल्या. लोक दागिना चोरितात, फार तर शेजारची फुले चोरितात. दुसऱ्याचा गुन्हा चोरिलेला आम्ही उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आमची शाळा चौथीपर्यंत, सबब अक्षर वाकडे असेल, परंतु हकीकत सरळ आहे.

पूर्वी या राज्यात पाण्याचा अधिकार आमचा होता. नळ सुटण्याआधी आमचा तांब्याचा हंडा चिंचेने घासोन तयार, मुखावर जुन्या लुगड्याचे चौपदरी फडके, आणि भरल्यावर तुरटीचा खडा तीन फेरे फिरवावा, मग गाळ तळी बसे आणि पाणी ऐसे की आतले हातोडीचे ठोके मोजोन घ्यावे. चाळीस वर्षांत पाण्यापायी या घरी कोणाचे पोट बिघडले नाही. दुसऱ्या मजल्याच्या पेठेवहिनी जिना चढोन येत त्या टेकण्याआधीच म्हणत, "काकू, आधी तुमच्या हंड्यातलं द्या." हीच आमची गादी आणि हेच आमचे छत्र. मग चिरंजीव विश्वजितरावांचे लग्न जाहले, आणि दुसऱ्या वर्षी सूनबाईंनी दिवाणखान्यात चार हात लांब काचेचा समुद्र आणोन बसविला, आणि त्यात मीठ कालविले, खडक रचिले, खडकांवर जिवंत प्रवाळ लाविले, त्यांत एक सोनेरी बोटांचे प्रवाळ तर पाण्याबरोबर ऐसे डोले की पाहणाराने जेवण विसरावे. आणि पांढऱ्या मिशांची एक लाल कोळंबी नेमिली, माशांची अंगे साफ करणे हा तिचा हुद्दा. समुद्राखाली कपाटात दुसरा हौद, तेथे वरचे पाणी उतरे ते आधी पांढऱ्या कापडी मोज्यातून गाळले जाई, पुढे एका नळकांड्यात हवेने घुसळले जाई आणि सगळी घाण फेस होऊन वरच्या पेल्यात चढे, शिळ्या चहाच्या रंगाची आणि वास तर विचारू नका. उरली घाण खडकांच्या भोकांत राहणारे जीव खात, ते डोळ्यांस दिसत नाहीत ऐसे सूनबाई म्हणत. म्हणजे आमच्याच फडक्याचा मोजा केला आणि आमच्याच तुरटीचे काम फेसास दिले, आणि नाव मात्र केतकीबाईंचे. एके दिवशी पेठेवहिनी आल्या, आम्ही पेला हाती दिला, तो तसाच हाती धरोन काचेपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "किती नितळ गं पाणी तुझं, केतकी." आमचे पाणी त्यांच्या हातात कोमट जाहले. ते आम्ही मोरीत ओतिले आणि मनात ठेविले.

तों मार्गशीर्षात सूनबाईंस कचेरीच्या कामास्तव नऊ दिवस कोचीस जाणे पडले. विश्वजितराव सकाळी आठास जातात ते दिवेलागणीस येतात, म्हणोन समुद्राचा कारभार आमचे हाती आला. समुद्राचे पाणी रोज थोडे उडोन जाते, मीठ मागे राहते, सबब गोडे पाणी घालोन रेघेपर्यंत भरावे लागते. निघताना सूनबाई निळे प्लास्टिकचे पिंप दाखवोन म्हणाल्या, "आई, ह्याच पिंपातलं घाला हं. मशीनचं शुद्ध पाणी आहे. नळाचं अजिबात नको."

आम्ही म्हणालो, "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून पाणी भरत्ये मी."

"म्हणून तर तुमच्यावर सोपवून चाललेय."

पहिले दोन दिवस हुकुमाप्रमाणे केले. मासे काचेपाशी आले, आमच्या बोटामागे फिरले, आणि खोटे का लिहावे, बरे वाटले. मग मनात आले की प्लास्टिकातले पाणी ते काय पाणी, वास ना चव. हे नऊ दिवसांत आपल्या हाताने ऐसे नितळ करावे की आल्यावर सुनेने विचारावे, आई, काय केलंत? मग पिंपातलेच पाणी घेतले, हुकूम मोडिला नाही, फक्त हंड्यात एक दिवस मुरविले आणि मग समुद्रात सोडिले. पाचव्या दिवशी कोळंबी खडकामागे दडली. सहाव्या दिवशी सोनेरी बोटे आखडली. आम्ही म्हटले, शुद्धी कमी पडते, आणि हंडा पुन्हा चिंचेने घासोन त्यात पाणी दुप्पट वेळ ठेविले. आठव्या दिवशी कोळंबी उताणी पडली, मिशा तेवढ्या पाण्याने हलत होत्या, आणि बोटांच्या जागी पांढरे हाड दिसो लागले. आम्ही देवापुढे दिवा लाविला आणि कोणास बोललो नाही.

सूनबाई आल्या त्या पायातल्या चपलांनिशी काचेपाशी बसल्या. मग कुप्या काढोन थेंब टाकोन पाहिले, मीठ मोजिले, मोजा पाहिला, फेसाचा पेला पाहिला, सर्व ठीक. मग एक पांढरी गादी पाण्याच्या वाटेत घातली, ती दुसऱ्या दिवशी निळी पडली. ती हाती घेऊन स्वयंपाकघरात आल्या, हंड्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि परतल्या. विश्वजितरावांनी पुसले, "झालं काय नेमकं?" पेठेवहिनीही तेथेच होत्या. सूनबाई म्हणाल्या, "माझंच चुकलं. खालच्या पाइपाला पितळी तुकडा राहिला होता, त्यातून तांबं उतरलं, गादी निळी पडली ती त्यानंच. माणसाला चालतं रे थोडं, ह्यांना विष."

विष हा शब्द आमच्या चाळीस वर्षांच्या हंड्यावर पडला तो आम्ही स्वयंपाकघरात ओट्यापाशी ऐकिला. तों बाहेरून पेठेवहिनींचा आवाज, "पोर किती मनाची मोठी बघा, चूक लगेच कबूल केली." ऐकोन दुःख होते तेही जळाले. पाणी नेले, पाहुणे नेले, मुलगा सकाळी दहा मिनिटे आमच्यापाशी बसे तीही काचेपाशी नेली, ते सोसले. आता हातून जीव मेला त्याचा दोषही तिने घेतला आणि त्याचाही मोठेपणा तिलाच. आम्हांस काय राहिले? दया राहिली, सुनेच्या हातची.

मग चार दिवस सूनबाईंनी पाणी बदलिले, काळा कोळसा पिशवीत भरोन हौदात टांगिला, गादी बदलिली. पाचव्या दिवशी सोनेरी प्रवाळाची तीन बोटे बाहेर आली. बाकीची गेली ती गेली. त्याच दुपारी पेठेवहिनी बसल्या असता आम्ही हंडा कडेवर घेऊन बाहेर आलो आणि काचेपुढे आणोन आपटला.

सूनबाई म्हणाल्या, "आई, राहू द्या ना. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

तात्पर्य, तांबे माणसांचे, प्लास्टिक प्रवाळांचे, आणि चूक जिची तिची. म्हणोन भर सभेत निवाडा सांगितला तो येणेप्रमाणे:

"पितळी तुकडा बिकडा काही नव्हता, केतकी. हंडा माझा, पाणी माझं, कोळंबी मी मारली. माझी चूक माझ्या नावावर राहील, ती तुला द्यायची नाही. आणि उद्यापासून तो फेसाचा पेला मी धुणार. तुला धुता येत नाही. कडेला पिवळं राहतं."