आपले विनीत, ॲडमिन

डोंगरसिंगकाकांना ॲडमिन करून टाकायचं, हे मी हातातला चहा संपायच्या आत ठरवलं. माझे आजवरचे सगळे निर्णय चहाच्या आतच झालेले आहेत. (लग्नाचासुद्धा. तो चांगला निघाला, पण त्याचं श्रेय राखीला.)

मी महागावला एका जिनिंगमध्ये कारकून आहे. कापसाच्या गाड्यांची नोंद कॉम्प्युटरवर करतो, आणि एवढ्या भांडवलावर आमच्या तांड्यात ‘सुनीलला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं’ असा समज आहे. हा समज पसरवण्यात माझाही थोडा हात आहे.

राखी, म्हणजे माझी बायको, तांड्यातल्या बायकांचा बचत गट चालवते. आमच्या बंजारा बायकांचं आरशांचं भरतकाम तुम्ही पाहिलं असेल. ते काम पिशव्यांवर आणि उशांच्या खोळींवर करून विकायचं, असा त्यांचा उद्योग. नागपूरच्या मोठ्या प्रदर्शनात स्टॉल मिळावा म्हणून राखीने अर्ज केला होता. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, “सोमवारी सकाळी आम्ही तुमची वेबसाइट बघू, मग ठरवू.” पुसदच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्याने वेबसाइट बनवून दिली आणि विचारलं, “ॲडमिन कोण?” राखीने तोंड उघडायच्या आत मी हात वर केला.

त्याने कामं सांगितली. पासवर्ड जपायचा, कोण काय टाकतं ते बघून मगच मंजूर करायचं, नको त्या माणसाला आत घ्यायचं नाही आणि बॅकअप ठेवायचा. मी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. (बॅकअप म्हणजे लाइट गेल्यावरचा, असं मला वाटलं. मी त्याला आमच्याकडे इन्व्हर्टर असल्याचं सांगितलं.)

शनिवारभर बसून मी पिशव्यांचे आणि खोळींचे फोटो स्वतः चढवले, आणि मोबाइलमध्ये जागा व्हावी म्हणून मूळ फोटो पुसूनही टाकले. मग मोबाइलवर स्टेटस ठेवलं: ‘सुनील, वेबसाइट ॲडमिन.’ सोबत गॉगल लावलेला फोटो.

चुकलं ते इथेच. रविवारी सकाळी डोंगरसिंगकाका दारात हजर. डोंगरसिंगकाका आमच्या तांड्याचे नायक. तांड्यात लग्न ठरो की भांडण होवो, नायकाला विचारल्याशिवाय पान हलत नाही.

“तांड्याची वेबसाइट झाली म्हणे,” काका खाटेवर बसत म्हणाले. “आन ॲडमिन तू? नायक मेला का मंग?”

“तसं नाही काका. ॲडमिन म्हणजे फक्त काम...”

“कामाचं मले नको सांगू. नाव कोणाचं वर आहे?”

नाव माझं वर होतं. आमच्याकडे लग्नपत्रिकेतसुद्धा आधी नायक, मग कारभारी, मग समस्त तांडा मंडळी. मागच्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या पत्रिकेत कारभाऱ्यांचं नाव राहिलं, तर ते मांडवाबाहेर दगडावर बसले आणि जेवले नाहीत. शेवटी नवरदेवाला घोड्यावरून उतरून त्यांची समजूत काढावी लागली. ते आठवून मी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि काकांना ॲडमिन करून टाकलं. काका खूश झाले. मीही खूश झालो.

अर्ध्या तासात कारभारी भावसिंग आले. “नायकाले केलं आन कारभाऱ्याले काहून नाही?” त्यांना केलं. त्यांच्या मागे धरमसिंगमामा, कारण ते घरजावई म्हणून बाहेरून आलेले असले तरी मानाचे. त्यांनाही केलं. माझे वडील, बापू, तोवर कोपऱ्यात गप्प बसून होते. त्यांचं गप्प बसणं ओरडण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

“बापू, तुमी?”

“नाई बाप्पा. आपण घरचे. घरच्याले कोण पुसते?”

बापूंना केलं. पुढे मी विचारायचंच सोडलं. जो रामराम करत दारात आला, तो ॲडमिन होऊन गेला.

दुपारी जेवून मी जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात राखीची हाक आली. “अजी! इकडे या. आधी इकडे या!”

तिच्या मोबाइलवर आमची वेबसाइट होती, पण पहिल्या पानावर भरतकाम नव्हतं. तिथे फेटा बांधलेले डोंगरसिंगकाका हात जोडून उभे होते. खाली लिहिलं होतं: ‘आपल्या लाडक्या नायकास वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.’

“काकांचा वाढदिवस आहे?” मी विचारलं.

“दिवाळीनंतर असते थो. खाली पाहा.”

खाली भावसिंगांची बैलजोडी होती, पोळ्याला सजवलेली. त्याखाली धरमसिंगमामांनी आपली जुनी मोटरसायकल विकायला काढली होती. मामांच्या गाडीखाली बापूंनी लिहिलं होतं, ‘घेऊ नये, किक लागत नाही.’ पिशवी किंवा खोळ कुठेच दिसत नव्हती.

मी आत शिरून बघायला गेलो, तर वेबसाइट मलाच ओळखेना. माझा पासवर्ड चालेना. मी धावत कारभाऱ्यांकडे गेलो. भावसिंग बाजेवर बसून मोबाइलवर बोट फिरवत होते.

“कारभारी, माझं नाव कुठे गेलं?”

“थे का? थे म्या काढलं,” भावसिंग अगदी प्रेमाने म्हणाले. “यादीत पह्यले तूच होता गा. नायकाच्या वर तू! बरं दिसते का? मनलं, इथून काढू आन खाली ठेवू. काढाचं जमलं. ठेवाचं काई जमलं नाई.”

“आणि भरतकामाचे फोटो?”

“मोबाइलनंच मले इचारलं ना. या माणसानं टाकलेल्या सामानाचं काय कराचं, ठेवाचं का फेकाचं? मनलं, माणूसच नाई तर सामान कायले ठेवतं? फेक मनलं.”

मी तिथेच दगडावर बसलो. (मांडवाबाहेरच्या त्या दगडाचा उपयोग मला तेव्हा कळला.) सेंटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “हरकत नाही, बॅकअपमधून परत घ्या.” मी फोन ठेवून दिला. इन्व्हर्टरमध्ये पिशव्यांचे फोटो नसतात, हे मला तोवर समजलं होतं.

घरी आलो तर गटातल्या बायका ओट्यावर जमलेल्या. माझी आई, भुरीबाई, मधोमध. आईचे डोळे आता अधू झालेत, तरी एकेक आरसा तिने स्वतः टाचलेला. मला बघून त्यांनी बसायला जागा करून दिली, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

राखीने मला सगळं विचारलं. मी सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती विचारात पडली.

“या लोकायले वेबसाइट पायजे का?” तिने विचारलं.

“म्हणजे?”

“थायले पासवर्ड जपाचा आहे का? मंजूर कराचं आहे का? थायले नाव पायजे आन फोटो पायजे. पत्रिकेत नाव टाकल्यावर कोणी भाजी चिराले बसते का?”

ती पदर खोचून सरळ नायककाकांकडे गेली. मी मागे. (मला कोणी बोलावलं नव्हतं.)

“काका, वेबसाइटवर पत्रिका छापून राह्यलो,” ती म्हणाली. “आपले विनीत म्हणून. सगळ्यात वर तुमी, फेट्यातला फोटो, एकदम मोठा. मंग कारभारी. पण छापणारा पायजे एक. मले ॲडमिन करता का?”

“एकदम मोठा?” काकांनी विचारलं.

“पूर्ण पान.”

काकांनी तिथल्या तिथे तिला ॲडमिन केलं. राखीने त्यांच्यासमोरच पान तयार केलं आणि फोटो दाखवला. मग तिने विचारलं, “आता बाकीचं काम मी पाहू?” काका फोटोच बघत होते. “पाह्य ना बाई, मले कुठी टाइम आहे,” ते म्हणाले. भावसिंग, धरमसिंगमामा, बापू, सगळे आपापला फोटो पाहून आनंदाने ॲडमिनपद सोडून गेले. भावसिंगांची अट एवढीच होती, की बैलजोडी सोबत पाहिजे. ती ठेवली.

ऊन उतरायच्या आत बायकांनी फोटो नव्याने काढायला घेतले. या वेळी पिशव्या भिंतीला टांगल्या नाहीत. आई तिची जुनी आरशांची काचळी, म्हणजे चोळी, आणि घेरदार फेटिया, म्हणजे घागरा, घालून ओट्यावर बसली, मांडीवर पिशवी, हातात सुई. ती काढ म्हणाली तेव्हा राखीने फोटो काढला, हस म्हटलं तर आई हसली नाही. माझं काम, आरशांवर ऊन चमकू नये म्हणून उन्हाकडे पाठ करून पांढरी चादर धरून उभं राहणं. ते मी बिनचूक केलं.

सोमवारी सकाळी नागपूरच्या बाईंचा फोन आला. राखीने स्पीकर लावला. ओट्यावर सगळ्या बायका मोबाइलभोवती वाकल्या.

“स्टॉल तुमचा,” बाई म्हणाल्या. “त्या आजींचा फोटो आम्ही सगळ्यांनी पाहिला. त्यांना सोबत आणाच. आणि वेबसाइट फार नीट ठेवली आहे हो. ॲडमिन कोण आहेत?”

मी पुढे सरसावलो. राखी म्हणाली, “मी.”

बायकांनी गलका केला. आईने मला जवळ ओढून पाठीवर हात फिरवला, आणि मला एकदम हलकं वाटलं. त्याच उत्साहात मी मोबाइल काढला. ‘आपले विनीत’ पान उघडलं आणि माझं नाव शोधू लागलो. नायक होते, कारभारी होते, मामा होते, बापू होते, बैलसुद्धा होते. माझं नाव नव्हतं.

“राखी, मी कुठे?”

“आहे ना. अजून खाली जा.”

पत्रिकेच्या अगदी शेवटी, जिथे घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांचं बोबडं निमंत्रण असतं, तिथे मोर आणि फुग्यांच्या मधोमध लिहिलं होतं: ‘आमच्या आईच्या स्टॉलला नक्की यायचं हं! किलबिल: चि. सोनू, चि. सुनील.’

सोनू आमची मुलगी. अजून केजीत जाते.

“अगं, निदान माझं नाव तिच्या आधी तरी टाकायचं!”

“कायले?” राखी म्हणाली. “तिनं आतापर्यंत कोणाले ॲडमिन केलं नाई.”