टोपीतल्या चिठ्ठ्या

धुडकू आप्पा सकाळी आधी कुठल्या पायात जोडा घालायचा, हेसुद्धा चिठ्ठी काढून ठरवायचा. चिठ्ठ्या टोपीत असत. त्यामुळे वारा सुटला की दोन्ही हातांनी डोकं धरून चाले.

शहाद्याकडच्या एका सरकारी शेतावर आम्ही दोघे मदतनीस. कापसाची दोन बियाणी बारा वाफ्यांत पेरून कोणतं सरस ते पाहायचं होतं. मी म्हणालो, "नवं बी काळ्या जमिनीत टाकू."

आप्पाने स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं आणि टोपी काढून पुढे धरली. "भाऊ, आपला डोया लबाड शे. चांगली जमीन लाडका बीले देस. चिठ्ठीले कोनी लाडकं नही."

साहेबाला हे भलतंच पटलं. आप्पाला पुण्याला शिकायला धाडायचं ठरू लागलं. मी नोकरीत चार वर्षांनी जुना! माझा जळफळाट झाला.

घरीही सुटका नव्हती. दर रविवारी स्वारी जेवायला हजर. तपकिरीच्या डबीत सात घरांच्या चिठ्ठ्या होत्या म्हणे. "तुन्हंच नाव निंघनं, भाऊ!"

"बाकीना सहा घरमा चुल्हा पेटतस नही का रे?"

तो लाजून हसे. बायको त्याला आणखी एक भाकर वाढून मला ऐकवी, "देखा, आप्पा कधी मीठले नावं ठेवतस का?"

आज लिहून टाकतो. वेचणीच्या आदल्या संध्याकाळी चार वाफ्यांच्या आकडे लिहिलेल्या खुंट्यांची मी अदलाबदल केली. दुसऱ्या दिवशी बाया खुंटीवरचा आकडा सांगत गेल्या, आप्पा काट्याशी बसून वजनं लिहीत गेला. एकाच बियाण्याच्या वाफ्यांत इतकी तफावत निघाली, की दोन बियाण्यांतला फरक त्यात बुडून गेला. साहेब चिठ्ठ्यांवर घसरला.

"दोष चिठ्ठ्यांचा नाही, साहेब," आप्पा म्हणाला. "खुंट्या मीच चुकीच्या ठोकल्या असतील."

पुण्याला मी गेलो. त्याची बदली वर तोरणमाळला झाली. निघताना त्याने तपकिरीची डबी माझ्या हातात कोंबली. "आते मन्हा काय कामनी?"

शरमेने मी ती न उघडताच ट्रंकेत टाकली. परवा आप्पा वारल्याचं कळलं, तेव्हा बाहेर काढली. आत सात चिठ्ठ्या होत्या. पहिलीवर माझं नाव होतं. दुसरीवर माझं. एकेक करत सातवी उलगडली, तिच्यावरही माझंच.

जन्मभरात आप्पाने चिठ्ठ्यांत लबाडी केली, ती एवढीच.