नवव्या रकान्याचे पदाधिकारी

अमरावतीच्या कॉलेजचा फॉर्म भरताना आठव्या रकान्यापर्यंत सादिकचा हात कुठंच अडला नाही. नाव, गाव, शाळेतले मार्क, सगळं चोख. नवव्यात विचारलं होतं : 'खेळ, वक्तृत्व, सार्वजनिक कार्य. दाखला जोडावा.' फीमाफीची जागा एकच. ती हुकली, की शेलूबाजारात बाप इस्माईल दर्जीच्या मशिनीवर बसून जन्मभर बंड्या शिवायच्या.

आधी त्यानं क्रिकेट करून पाहिलं. बाभळीची बॅट, चिंध्यांचा चेंडू. पहिल्याच फटक्याला चेंडू कडब्याच्या गंजीत गेला आणि खेळ तिथंच संपला. वक्तृत्वाला श्रोते लागतात. शेलूबाजारात सगळे वक्तेच. उरलं सार्वजनिक कार्य. म्हणून चैत्रात, शेतं मोकळी असताना, त्यानं दुकानाच्या ओसरीवर दुपारचा साक्षरता वर्ग काढला.

फुकट शिकायला कोणी येईना. पद देतो म्हटल्यावर आले. पुंजाजी अध्यक्ष, मारोतराव उपाध्यक्ष, मदनसिंग खजिनदार, खजिना नसताना इंद्रभान उपखजिनदार, आणि असेच आणखी तिघे. सादिक स्वतः चिटणीस. मंडळात पदाधिकारी एकूण आठ, साधा सभासद एकही नाही. ओसरीच्या मागं पडदा, आणि पडद्यामागं सादिकची आई अमिरुन्निसा काजं करत बसलेली.

दोन महिन्यांनी सादिकनं सुबक अक्षरात दाखला लिहिला आणि शाईची डबी पुंजाजीपुढं सरकवली.

"काका, इथं अंगठा करा."

"अंगठा कायले?" पुंजाजीनं कागद ओढला. "दोन महिने झक मारली का मी? वाचून पाहतो."

हे सादिकच्या हिशेबात नव्हतं. पुंजाजीचं बोट ओळीवरून सरकू लागलं. "चा... ळी... स. चाळीस कोन बे? आपुन सात."

"तसं लिहाव लागते, काका."

"ए... क... व..." पुढं बोट अडलं. इंद्रभाननं वाकून अंदाजानं सांगितलं, "वर्ष असन."

"वर्ष? अबे, संक्रांतीले तं तू शाळेत होता! अन् ह्या कागदानं होते काय?"

"मले अमरावतीले जागा भेटते."

पुंजाजीनं कागदाची घडी केली.

"म्हंजे तू चाल्ला?"

"हो."

"मंग सही नाई भेटत. आमची जोडाक्षरं राह्यली."

"काका, गुरुवारी टपाल जाते!"

"मंग गुरुवारपावतर शिकव. असं अर्ध्यात सोडून कोनी जाते का?"

चार दिवस उरले होते. सादिक सकाळीच फळा मांडून बसू लागला, घसा कोरडा होईपर्यंत ओरडू लागला. पदाधिकारी 'क्क' आणि 'त्त' मध्ये जे रुतले ते निघेनात. बुधवारी फळ्यावर 'कष्ट' हा शब्द होता आणि मदनसिंग तिसऱ्यांदा 'कसट' म्हणाला. तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला,

"डोळे हायेत का बटनं? कष्ट! अर्धा ष, त्याले ट चिकटला. कष्ट!"

सादिकच्या हातातला खडू पडला. "अम्मा, तुले येते?"

"पडद्याले भोक हाय, बेटा, अन् फळा समोर. दोन महिने आंधळी होऊन बसू का?"

पुंजाजीनं टोपी सारखी केली. पडद्याकडं न पाहता अदबीनं विचारलं, "भाबी, तुमी शिकवान?"

"शिकवीन. इथूनच. पन चुकला तं छडी भाईर येईन."

"आन बे तो कागद," पुंजाजी म्हणाला.

त्यानं 'चाळीस'वर काट मारून 'सात' लिहिलं. 'एक वर्ष' खोडून 'दोन महिने' लिहिलं. मग जीभ बाहेर काढून, घामाघूम होत खाली आपली एक ओळ घातली : 'आता याची माय शिकवते.' सही केली, ती अर्ध्या कागदावर पसरली. दुसरा दाखला करायला ना वेळ होता ना अध्यक्षाची परवानगी. सादिकनं पाकीट डाकवाल्याच्या हाती दिलं आणि घरी येऊन मशिनीला तेल घातलं.

जूनमध्ये कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं. प्रिन्सिपल साहेबांच्या टेबलावर इतर मुलांचे दाखल्यांचे गठ्ठे होते, एकावर एक, झकास अक्षरातले. साहेबांनी सादिकचा एकुलता कागद उचलला.

"ही सही कुणाची?"

"आमच्या अध्यक्षांची."

"दोन महिन्यांपूर्वी ते कशी सही करायचे?"

"अंगठा करायचे, साहेब."

साहेबांनी खाडाखोड उजेडाकडं धरून पुन्हा पाहिली आणि कागद फाइलीत सगळ्यांत वर ठेवला.

दिवाळीच्या आधी वसतिगृहात पुंजाजीचं पोस्टकार्ड आलं. अक्षरं बैलाच्या चालीची, पण ओळीत.

'जोडाक्षरं झाली. भाबीची छडी लागते. तुह्या हाती छडी नव्हती, म्हनून राह्यली होती. आता काम असं का इंद्रभानचा पोरगा पुढच्या साली फारम भरते. त्याच्या नवव्या रकान्याले पद पाह्यजे, अन् आपल्याकडं एकबी मोकळं नाई. तरी तू चिटनीसपदाचा राजीनामा धाडावा. कारन खरं लिहिजो. इथं आता सारेच वाचतात.'

सादिकनं राजीनामा लिहायला घेतला. 'अत्यंत कार्यबाहुल्यामुळे' एवढं लिहून थांबला, खोडलं, आणि खाली लिहिलं, 'मी गावात नाही म्हणून.' सही करण्याआधी त्यानं तो पुन्हा एकदा वाचला, ओळीखाली बोट धरून.