राजानंदरावांचा निर्जंतुक गोबरगॅस

राजानंदराव आरोग्य खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि बदनापूरजवळच्या आपल्या गावी त्यांनी गोबरगॅस बसवला. बसवून गप्प राहिले असते तर ठीक होतं. पण त्यांनी लगेच परतूरच्या साडूंना, कल्याणरावांना, फोन लावला. "पुढच्या महिन्यात जोडीनं या. गोबरगॅसवरचा चहा पाजतो!" (साडूसमोर एकदा तरी वरचढ ठरावं, एवढी एकच इच्छा आयुष्यात उरली होती.)

"शेणाच्या गॅसवर चहा? अन् तो माझ्या बहिणीला?" त्यांची बायको, दैवशाला, म्हणाली. "मला तर किळसच येऊन राह्यली."

झालं! राजानंदरावांमधलं आरोग्य खातं जागं झालं. शेणकाल्याच्या प्रत्येक बादलीत ते गुपचूप टोपणभर फिनेल ओतू लागले.

रोज सकाळी ते टाकीच्या घुमटाला कान लावून बसत. आत नेमकं काय चालत असेल? शेणाचा गॅस होतो तो कोणत्या घटकेला? पहिले काही दिवस गुडगुड ऐकू आली, मग तीही थांबली. आतली घाण गेली, म्हणून ते उलट खूश झाले.

ठरल्या दिवशी साडू जोडीनं आले. राजानंदरावांनी सगळ्यांना शेगडीभोवती उभं केलं, कॉक फिरवला, काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली. मग दुसरी, तिसरी. काडेपेटी संपली तरी शेगडी ढिम्म.

कल्याणराव बाहेर जाऊन टाकीजवळ वाकले. "राजानंदराव, हितं तर दवाखान्यावानी वास येऊन राह्यला. काय टाकलं यात?"

"फिनेल. जंतू मारायला."

"अहो, ते जंतूच तर गॅस करतेत! तुम्ही सगळे कामगारच मारून टाकले की!"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"आमच्याकडं चार वर्षांपासून गोबरगॅस आहे."

राजानंदराव गार पडले. (साडूकडं ते दरवर्षी एकटेच जात होते, पण स्वयंपाकघरात कोण डोकावतं?)

"मंग कधी बोलला न्हाईत ते!"

"त्यात काय बोलायचं? शेण टाकायचं, सैपाक करायचा."

टाकी उपसावी लागली. ताजं शेण भरलं आणि कल्याणरावांनी विरजण म्हणून आपल्या टाकीतला दोन ड्रम काला टेम्पोनं पाठवला. तीन आठवड्यांनी निळी ज्योत भसकन पेटली. राजानंदरावांचे डोळे भरून आले. "बघ, बघ! पेटला का न्हाई आपला गॅस?"

दैवशालानं चहाचं आधण ठेवलं, फोन उचलला आणि आनंदानं ओरडली, "अक्का, दाजींना सांग, त्यांचा गॅस आमच्याकडं पेटला!"